माहेर किती तासांवर?

(विमानाच्या अंतराचा आणि वेळेचा घरगुती हिशेब)

"तुमचं माहेर किती लांब?" असं आपल्या आजीला कुणी विचारलं असतं, तर तिने मैल किंवा किलोमीटर सांगितले नसते. "भल्या पहाटे गाडी जुंपली तर दिवेलागणीला पोचतो," किंवा "वाटेत एक मुक्काम पडतो," असं ती म्हणाली असती. अंतर मोजायची तिची पट्टी म्हणजे वेळ. आणि तो वेळही एका उंबऱ्यापासून दुसऱ्या उंबऱ्यापर्यंतचा.

आज आपल्या लेकी-सुना, भाऊ-भाचे मुंबई-पुण्याला, बंगळूरूला, दुबईला, अमेरिकेला आहेत. आपण सहज बोलून जातो, "अगं, विमानाने फक्त सव्वा तास!" तिकिटावर तसं छापलेलंच असतं. पण त्या सव्वा तासाच्या भरवशावर घरातल्या मोठ्या गोष्टी ठरवल्या, की घोटाळा होतो. बाळंतपणाला आईला कधी बोलवायचं, आजारी माणसाला भेटायला निघायचं की नाही, आणि नको त्या प्रसंगी कुणासाठी किती वेळ थांबायचं, हे सगळं या हिशेबावर अवलंबून असतं. म्हणून आज हा हिशेब नीट मांडू या. भूगोलाचं पुस्तक नको; घरातलं घड्याळ, मुलांचा पृथ्वीगोल आणि शिवणाच्या डब्यातला दोरा एवढं पुरे.

उदाहरणाला गाव घेऊ डोंगरकडा. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातलं हे गाव. (१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग परभणीचाच.) नांदेडहून अर्धापूर ओलांडून वारंगा फाट्याकडे निघालं, की हे गाव लागतं. आजूबाजूला केळीच्या बागा, ऊस आणि हळद. नांदेड इथून तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे तासाभराचा रस्ता. आणि नांदेडला विमानतळ आहे. तुमचं माहेर डोंगरकडा नसेल, दुसरं कुठलं असेल. गावाचं नाव बदला, हिशेब तोच राहील.

दोऱ्याने मोजलेलं अंतर

नांदेड ते मुंबई किती? आगगाडीला विचारलं तर ती ६१० किलोमीटर सांगेल. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक करत ती जाते, मग वळसा पडणारच. मोटारीचा रस्ता त्याहून थोडा कमी. विमानतळापासून विमानतळापर्यंतचं हवाई अंतर मात्र सुमारे ४६७ किलोमीटर भरतं. वाटेत घाट नाही, फाटा नाही, रुळाचं वळण नाही.

पण "सरळ" म्हणजे तरी कसं? पृथ्वी गोल आहे. तेव्हा दोन ठिकाणांमधलं सगळ्यात जवळचं अंतर म्हणजे त्या गोलावर ताणून धरलेला दोरा. करूनच पाहा. मुलांचा शाळेचा पृथ्वीगोल घ्या. विषुववृत्तावरून दोरा एक वेढा फिरवा आणि तो पट्टीने मोजा. वीस सेंटिमीटर जाडीचा गोल असेल तर दोरा जवळजवळ ६३ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा घेर आहे सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे तुमच्या गोलावरचा एक सेंटिमीटर हा साधारण ६४० किलोमीटरचा झाला.

आता नांदेड ते मुंबई दोरा धरा. जेमतेम सात मिलिमीटर! लांब तांदळाच्या एका दाण्याएवढं आपलं माहेर-सासर. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटर. बोटाच्या एका पेराहून थोडं अधिक. आणि मुंबई ते न्यूयॉर्क? भिंतीवरच्या सपाट नकाशात वाटतं, की विमान अरबी समुद्र आणि आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जात असेल. दोरा ताणून धरा, तो वेगळंच सांगेल. तो मुंबईहून वर उत्तरेकडे चढतो, रशिया आणि उत्तर युरोपावरून जातो, ग्रीनलँडच्या बाजूने अमेरिकेत उतरतो. लांबी साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशा हा सोललेल्या संत्र्याची साल ताटावर दाबून बसवल्यासारखा असतो; कुठेतरी ती ताणली जाते, कुठेतरी फाटते. दोऱ्याला असली फसवणूक ठाऊक नाही.

ही दोऱ्याची वाट खरोखर कुठवर नेते, याचं एक उदाहरण आपण बायकांनी लक्षात ठेवावं असं आहे. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरूला उतरलं. अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर. विमान चालवणाऱ्या सगळ्या बायका होत्या, आणि त्यांची कप्तान होती झोया अगरवाल. गोलावर सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरू दोरा धरून पाहा, म्हणजे त्या बर्फावरून का गेल्या ते मुलांनाही चटकन कळेल.

सव्वा तास येतो कुठून?

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे ते नऊशे किलोमीटरने जातं. समोर पंखे फिरणारी छोटी विमानं असतात, ती ताशी पाचशेच्या आसपास. आपल्या सौदामिनी देशमुख यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये निवेदिता भसीन यांना सोबत घेऊन इंडियन एअरलाइन्सचं जे विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, ते फॉकर फ्रेंडशिप असंच पंख्याचं होतं. विमान चालवणारा सगळा चमू बायकांचा असलेलं ते आपल्याकडचं पहिलं उड्डाण.

आता कुणी हुशार मुलगी म्हणेल, ४६७ किलोमीटर आणि ताशी आठशेचा वेग. मग पस्तीस मिनिटांत मुंबई यायला हवी! येत नाही, याचं कारण सोपं आहे. तिकिटावर जी वेळ छापतात ती नुसती उडण्याची नसते. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढले की घड्याळ सुरू, आणि उतरून जागेवर उभं राहिल्यावर पुन्हा ठोकळे लावले की घड्याळ बंद. या वेळेला विमानवाले "ब्लॉक टाइम" म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं आलं, वर चढणं आलं, खाली उतरताना वेग कमी करणं आलं. मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी तर विमानांची रांग असते. "जागा होईपर्यंत फिरत राहा" असं वरच्या वर सांगितलं जातं आणि विमान आकाशात घिरट्या घालतं. हे सगळं धरून छोट्या पल्ल्याला सव्वा तास, पंख्याचं विमान असेल तर दीड तास लावतात.

म्हणूनच जवळच्या गावाला विमानाचा फायदा कमी आणि लांबच्या गावाला जास्त. चढ-उताराचा आणि रांगेचा वेळ दोन्हीकडे तेवढाच लागतो. दोन पोळ्या करायच्या असोत की वीस, कणीक मळायला आणि तवा तापायला वेळ लागतोच, तसंच हे.

घड्याळाचा चकवा

तिकिटावरची दुसरी गोम म्हणजे, निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या. मुंबईहून सकाळी दहाला निघालेलं विमान दुबईला पावणेबाराला उतरतं असं दिसलं, तर प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. परत येताना उलट. प्रवास आहे त्याहून दीड तास मोठा दिसतो.

असं का, हे डोंगरकड्याच्या अंगणातूनही समजतं. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला चार मिनिटं. डोंगरकडा मुंबईच्या पूर्वेला साडेचार अंशांवर आहे. तेव्हा डोंगरकड्याला सूर्य मावळला, की मुंबईला तो मावळायला साधारण अठरा मिनिटं असतात. एकाच देशात राहायचं म्हणून दोन्ही गावांनी एकच घड्याळ मानलंय, इतकंच. दुबई, लंडन, न्यूयॉर्क यांची घड्याळं वेगळी राहिली. लंडन-अमेरिकेत तर उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. म्हणून न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं.

झोया अगरवालांचं ते विमान तिकडून ९ जानेवारीच्या रात्री निघालं आणि इकडे ११ जानेवारीच्या पहाटे उतरलं. तारखा पाहिल्या तर दोन दिवस लागले असं वाटेल. खरे तास मोजले तर सतराहून थोडे जास्त. म्हणून एक नियम करा: आधी दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात लिहून काढा, आणि मगच वजाबाकी करा.

जाताना जास्त, येताना कमी

लंडनला किंवा अमेरिकेला जाऊन आलेल्या बायका सांगतात, की जायला जास्त वेळ लागला आणि यायला कमी. त्यांचं बरोबर आहे. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. हिवाळ्यात तो अधिकच जोर धरतो. कयाधूच्या वाहत्या पाण्यात धारेबरोबर पोहणं आणि धारेविरुद्ध पोहणं यात जो फरक, तोच इथे. मुंबई-लंडनसारख्या पल्ल्याला त्यामुळे तासाभराचा तरी फरक पडतो. नांदेड-मुंबईत तो काही मिनिटांचाच.

शिवाय आकाशालाही शेजाऱ्यांच्या हद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना त्यांच्या आकाशातून जायला बंदी केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या कित्येक भारतीय विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. दोऱ्याची वाट तीच, पण ती बंद असली की वेळ वाढतो. म्हणून "मागच्या खेपेला एवढेच तास लागले होते" हा पुरावा धरू नका. ताज्या तिकिटावर काय आहे ते पाहा.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. डोंगरकड्याहून मुंबईला दादरच्या घरी जायचंय. नांदेडहून त्या दिवशी मुंबईचं विमान आहे असं धरू.

घरातून निघून नांदेडच्या विमानतळापर्यंत एक तास. रस्त्यात उसाच्या गाड्या लागल्या, रेल्वेचं फाटक लागलं म्हणून अर्धा तास हातचा. एकूण दीड. विमानाच्या दोन तास आधी तिथे हवं, कारण सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि आत चढायचं दार वीस-पंचवीस मिनिटं आधी. तेव्हा साडेतीन तास झाले. विमानाचा सव्वा तास धरून पावणेपाच. उतरून सामान येईपर्यंत पाऊण तास, साडेपाच. मुंबईतल्या गर्दीतून दादरचं घर गाठायला सव्वा तास, पावणेसात. म्हणजे धरून चाला सात तास! त्यात प्रत्यक्ष हवेत आपण असतो तासभर.

रेल्वेने काय होतं? ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत येऊ लागली. तिला साडेनऊ तास लागतात. पण नांदेडहून ती पहाटे पाचच्या सुमारास निघते, म्हणजे डोंगरकड्याहून रात्री साडेतीनच्या आत निघायला हवं. दारापासून दारापर्यंत साडेअकरा तास. दिवसाच्या तपोवन एक्स्प्रेसला रुळावरच बारा तासांच्या आसपास जातात. म्हणजे विमानाने चार-साडेचार तास वाचले. चांगलेच वाचले, पण "सव्वा तास विरुद्ध बारा तास" असला काही प्रकार नाही.

आणि त्या दिवशी नांदेडहून विमानच नसलं तर? मग बरेच जण म्हणतात, "हैदराबादहून जाऊ, तिकडून ढीगभर विमानं आहेत." आता हेही मांडू. मराठवाडा आणि हैदराबाद यांचं नातं निजामाच्या राज्यापासूनचं. नांदेड ते हैदराबाद हवाई अंतर तर अवघं २४६ किलोमीटर. पण आपल्याला ते रस्त्याने जायचंय. शिवाय पूर्वीचं बेगमपेटचं विमानतळ शहरात होतं. मार्च २००८ पासून विमानं उतरतात शहराबाहेर, दक्षिणेला शमशाबादला. डोंगरकड्याहून तिथवर सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे साडेसहा-सात तास. पुढे विमानतळावर दोन तास, विमानाला दीड, मुंबईत उतरून घर गाठायला दोन. झाले साडेबारा तास! म्हणजे विमानाचं भाडं भरून, मोटारीचं भाडं भरून, वंदे भारतपेक्षा तासभर उशिरा पोचलो. हा हिशेब कागदावर केला नाही, तर "विमान म्हणजे लवकर" या समजुतीतच माणूस निघतो.

नांदेडच्या विमानांबद्दल एक सावधगिरी. या विमानतळाला नवं रूप आलं २००८ मध्ये, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत हैदराबादची सेवा सुरू झाली. ती चालवणारी कंपनी पुढे थांबली. मार्च २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने पुन्हा विमानं सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये काही काळ उड्डाणं बंद होती. छोट्या विमानतळांचं असंच असतं. वार ठरलेले असतात, हंगामानुसार वेळा बदलतात, कधी मार्गच बदलतो. तेव्हा "नांदेडहून विमान आहे" एवढं ऐकून निघू नका. आपल्या वाराला आहे का, आणि सुटणार आहे का, हे आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी असं दोनदा विचारा. मुंबईचं तिकीट असेल तर आणखी एक पाहा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. भाऊ अंधेरीकडे घ्यायला उभा आणि ताई नवी मुंबईत उतरलेली, असं झालं तर आणखी तास-दीड तास गेलाच.

"ताई, किती वाजता पोचशील?"

या सगळ्या आकडेमोडीचं खरं मोल कळतं ते घरावर वेळ येते तेव्हा.

समजा, गावी वडील गेले. रात्री आठला दुबईच्या लेकीला फोन लागला. तिच्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले. धावपळ करून तिला पहाटे तीनच्या हैदराबादच्या विमानाचं तिकीट मिळालं. अंतर २,५५० किलोमीटर, वेळ पावणेचार तास. तिकिटावर तिने पाहिलं: पोचण्याची वेळ सकाळी सव्वाआठ. रडत रडत तिने भावाला कळवलं, "दादा, मी सव्वाआठला उतरते. माझ्यासाठी थांबा."

भावाने अंगणात सगळ्यांना तेच सांगितलं. सव्वाआठला उतरते, म्हणजे दहा-अकरापर्यंत येईल, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. सकाळपासून सोयरे-धायरे जमले. म्हातारी माणसं उन्हात बसून राहिली. बारा वाजले, एक वाजला. आणि ताई अजून निजामाबादच्या अलीकडे! कारण विमानतळावरच्या तपासणीतून ती बाहेर पडली सव्वानऊला, आणि पुढे सात तासांचा रस्ता. ती दारात येणार चार-साडेचारला. हिवाळा असेल तर पावणेसहाला सूर्य मावळतो. तोवर कुणीतरी म्हणतं, "आता किती थांबायचं?" आणि आयुष्यभर बोचणारा निर्णय घाईत घेतला जातो. ताईला शेवटचं दर्शन होत नाही, आणि दोष मात्र सगळे एकमेकांना देत राहतात.

यात चूक कुणाचीच नाही. चूक आहे त्या एका आकड्याची. ताईने रात्रीच सांगितलं असतं, "दादा, मी उद्या दुपारी चार ते पाचच्या दरम्यान आपल्या दारात येईन," तर घरच्यांना रात्रभर विचार करायला वेळ मिळाला असता. माती दुपारी पाचला ठेवता आली असती. नांदेडहून बर्फाची पेटी मागवता आली असती. लांबून येणाऱ्यांना तशी वेळ सांगता आली असती. किंवा थांबणं शक्यच नसेल, तर तेही ताईला आधी सांगून, तिच्या संमतीने ठरलं असतं. थांबायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. पण तो खऱ्या वेळेवर घेतलेला असावा.

म्हणून मैत्रिणींनो, एक सवय लावून घ्या. विमानाने येणाऱ्याला "किती वाजता उतरणार?" असं विचारू नका. "दारात किती वाजता?" असं विचारा. आणि आपण येणार असलो तर उतरण्याची वेळ सांगू नका, दारात पोचण्याची सांगा. तीही एक वेळ न सांगता "अमुक ते अमुक" अशी.

डॉक्टरांना सात तास सांगा

हाच नियम दुखण्या-बाळंतपणालाही लागू. मुंबईची लेक बाळंतपणाला डोंगरकड्याला यायची आहे. ती डॉक्टरांना विचारते, "सव्वा तासाचा विमानप्रवास चालेल का?" डॉक्टर म्हणतात, चालेल. पण प्रवास सव्वा तासाचा नाही, सात तासांचा आहे. त्यात चार तास बसून राहणं आहे, रांगेत उभं राहणं आहे आणि शेवटी मोटारीचे गचके आहेत. डॉक्टरांना सगळा प्रवास सांगा, मग विचारा. विमान कंपन्यांचे नियमही आधी पाहा. साधारण बत्तीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि छत्तीस आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. तारखांची मोजणी परतीची वेळ धरून करा.

आई लेकीकडे परदेशी एकटी निघाली असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नकोत. "सकाळी आठची गोळी" तिकडच्या आठला घ्यायची की इकडच्या, हा प्रश्न लांबच्या प्रवासात पडतोच. दोन गोळ्यांमध्ये किती तास जावेत, हे डॉक्टरांकडून घड्याळाच्या काट्यावर न जाता तासांत लिहून घ्या. इन्सुलिन असेल तर हे निघण्यापूर्वी विचारलंच पाहिजे. लांबच्या विमानात एकसारखं बसून पाय सुजतात, म्हणून दर तास-दोन तासांनी उठून चार पावलं टाका आणि पाणी पीत राहा.

आणि हो, खोबऱ्याच्या वाट्या! लेकीच्या मसाल्यासाठी आई प्रेमाने भरते. पण सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत असली तर तीही अडते. बॅग उघडून सामान उपसण्यात जो अर्धा तास जातो, तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

वहीत लिहून ठेवा

दूधवाल्याचा, वाण्याचा हिशेब लिहितो त्याच वहीच्या शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता करा. आपली माणसं जिथे जिथे आहेत त्या गावांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे चार आकडे. पहिला, त्यांच्या घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ. दुसरा, विमानतळावर थांबण्याचा. देशातल्या देशात दोन तास, परदेशचं असेल तर तीन. तिसरा, विमानाचा खरा वेळ, घड्याळातला फरक काढून टाकून. चौथा, उतरल्यापासून आपल्या दारापर्यंतचा. परदेशाहून येणाऱ्याला त्यात तपासणीचा एक तास जास्त. चौघांची बेरीज करा आणि वर दोन तास हातचे धरा. शेजारी घड्याळातला फरकही लिहा, म्हणजे मध्यरात्री फोन लावताना तिकडे किती वाजलेत ते कळेल.

ही बेरीज घर शांत असताना, सवडीने करून ठेवायची असते. रडारडीत, धावपळीत कुणालाच वजाबाकी सुचत नाही. सुट्टीत मुलं घरी असली की गोल आणि दोरा घेऊन त्यांनाही बसवा. नांदेड-मुंबईचा तांदळाचा दाणा त्यांना दाखवा. आणि त्या दाण्याला सात तास का लागतात, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. तक्ता मग त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि वही कुठे ठेवलीय ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.